वार, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती

महाराष्ट्रात गरीब विद्यार्थ्याला मदत करायची म्हणजे आधी त्याच्या दोन वेळच्या जेवणाची आणि पाठ टेकण्यापुरत्या जागेची सोय लावायची, ही समजूत इथल्या कॉलेजांपेक्षा जुनी आहे. फीमाफी, गुणवत्तेची शिष्यवृत्ती, निर्वाह भत्ता, बँकेचे कर्ज हे सगळे नंतर आले. प्रत्येक काळात मदत देणारा बदलला, कधी राजा, कधी गृहस्थ, कधी जातीची संस्था, कधी सरकार. देणारा बदलला की मदत कोणाला आणि कोणत्या अटीवर मिळणार, हेही बदलले.

दक्षिणा

उच्च विद्येसाठी पैसा राखून ठेवण्याची महाराष्ट्रातली सर्वांत ठळक जुनी व्यवस्था म्हणजे श्रावणातली दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा पाडली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि त्यानंतर हा उपक्रम पहिल्या बाजीरावाने पुण्याला आणला. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे मोठे आवार होते. देशभरातून आलेल्या ब्राह्मणांना तिथे आत घेत आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवत. नामांकित शास्त्र्यांची परीक्षा होऊन त्यांना योग्यतेप्रमाणे मोठी रक्कम मिळे, बाकीच्यांना थोडी. विद्येचा सन्मान आणि दात्याचे पुण्य असे दोन्ही हेतू त्यात होते. मात्र दक्षिणेचे दार ब्राह्मणांपुरतेच उघडे होते.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. पुण्यातले जाणते लोक एकदम दुखावू नयेत म्हणून इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने दक्षिणा बंद केली नाही, ती वर्षाला ५०,००० रुपयांवर आणली. याच निधीच्या आधारावर ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे तिचे पूना कॉलेज आणि त्याचे डेक्कन कॉलेज झाले. दक्षिणा घेणारे जुने लोक वारले की त्यांच्या जागी नवी नावे घालायची नाहीत आणि उरलेला पैसा शिक्षणाकडे वळवायचा, असे धोरण सरकारने हळूहळू पक्के केले. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतली काही रक्कम उत्तम मराठी ग्रंथांना बक्षीस देण्यासाठी वापरावी, असा अर्ज केला. सनातनी मंडळींनी त्यावर काहूर उठवले, पण दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झालीच.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झाल्यावर याच पैशातून दक्षिणा फेलोशिप निघाल्या. फेलोने स्वतः पुढचा अभ्यास करायचा, खालच्या वर्गांना शिकवायचे आणि त्याबद्दल दरमहा वेतन घ्यायचे, अशी ही योजना होती. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. श्रावणात पुण्यासाठी वाटला जाणारा पैसा काही पिढ्यांत परीक्षेतल्या गुणांवर मिळू लागला, हा या निधीचा मोठा प्रवास. तरी कॉलेजपर्यंत पोचणारी मुले बहुतेक त्याच वर्गातली राहिली.

वार आणि माधुकरी

शिष्यवृत्ती थोड्यांच्या वाट्याला येई. बाकीच्यांचा आधार होता वार आणि माधुकरी. कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला मुलगा ओळखीपाळखीने सात घरे धरी आणि सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे जेवण लावून घेई. एखादा वार सुटला तर त्या दिवशी उपास किंवा चणेकुरमुरे. घरातले कोणी आजारी पडले, सोयर-सुतक आले, यजमानाची बदली झाली, की वार मोडे आणि नव्या घराच्या शोधात उंबरे झिजवावे लागत. त्या बदल्यात मुलगा पूजा सांगे, बाजारहाट करी, घरातल्या लहानग्यांचा अभ्यास घेई.

माधुकरीत जेवण मागून आणायचे असे. आंघोळ करून, झोळी आणि भांडे घेऊन ठरलेल्या घरांसमोर उभे राहायचे, पडेल तो भात, वरण, पोळी एकत्र घेऊन बिऱ्हाडी यायचे आणि जेवून शाळा गाठायची. शास्त्राने ब्रह्मचाऱ्याला भिक्षेची मुभा दिलेली असल्यामुळे यात लाज मानली जात नसे, निदान तसे म्हटले जाई. प्रत्यक्षात दारात ताटकळणे आणि टोमणे ऐकणे मुलांना चुकले नाही. पुण्यात १९०९ मध्ये दादासाहेब केतकर यांनी अनाथ विद्यार्थी गृह काढले तेव्हा तिथली मुलेही सुरुवातीला माधुकरी आणत. पुढे संस्थेने छापखान्यासारखे उद्योग उभारून मुलांना पायावर उभे केले. हीच संस्था आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाते.

या सगळ्याच्या जोडीला घरच्यांची ओढाताण होती. गोपाळ कृष्ण गोखले कॉलेजात होते तेव्हा त्यांचे थोरले भाऊ गोविंदराव १५ रुपये पगारावर नोकरी करत आणि त्यातले ८ रुपये धाकट्याला पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत भावाचा संसार चाले. टेंभूच्या आगरकरांनी शिक्षणासाठी कऱ्हाडात कंपाउंडरी केली, पुढे रत्नागिरी आणि अकोला गाठले, आणि डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घातला, असे त्यांच्याविषयी सांगतात. कॉलेजची पदवी त्या काळी सरकारी नोकरीचे दार उघडत असे, म्हणून एकाच्या शिक्षणासाठी सारे घर पोटाला चिमटा काढी.

गुणवत्तेची शिष्यवृत्ती

मुंबईत देणगीदारांच्या नावाने शिष्यवृत्त्या आधीच सुरू झाल्या होत्या. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या नावाची शिष्यवृत्ती दादाभाई नौरोजींना १८४० मध्ये मिळाली. नाना शंकरशेट १८६५ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. ती मिळवणे हा घराण्याचा मान समजला जाई. १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली.

या शिष्यवृत्त्यांनी हुशारीला प्रतिष्ठा दिली, पण त्यांची एक मर्यादा होती. मॅट्रिकला संस्कृतात पहिले येण्यासाठी आधी मॅट्रिकपर्यंत पोचावे लागे. ज्यांच्या घरी पाटीच नव्हती आणि ज्यांना वाराने जेवायला कोणी घरात घेत नव्हते, त्यांना गुणांच्या यादीत नाव झळकवण्याची संधी कुठून मिळणार? वार लावणे, माधुकरी मागणे आणि मॅट्रिकला संस्कृत घेणे या तिन्ही गोष्टी जातीच्या चौकटीत बसलेल्या होत्या. मराठा, माळी, धनगर, मुसलमान मुलाला पुण्या-कोल्हापुरात जेवणाची सोय नव्हती. अस्पृश्य मुलाला तर भाड्याची खोलीही मिळत नव्हती.

१८८३ मध्ये गंगारामभाऊ म्हस्के यांनी पुण्यात डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन स्थापन केली. मराठा मुलांना दरमहा काही रुपये द्यायचे आणि त्यांच्या अभ्यासावर लक्ष ठेवायचे, असे तिचे काम होते. विठ्ठल रामजी शिंदे यांना फर्ग्युसनमध्ये शिकताना या संस्थेची मदत झाली. पण अशा मदतीने जेवणाराहण्याचा प्रश्न सुटत नव्हता. त्यावरचा तोडगा कोल्हापुरात निघाला.

कोल्हापूरची वसतिगृहे

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. पुढच्या काही वर्षांत लिंगायत, मुसलमान, नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जागा, इमारतीला मदत आणि वार्षिक अनुदान दरबाराने द्यायचे, कारभार त्या त्या समाजाच्या लोकांनी पाहायचा, अशी व्यवस्था होती.

जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. त्या काळी एका पंगतीला बसायला लोक तयार नव्हते, आणि सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढले असते तर तिथे पुन्हा वरच्यांचीच मुले भरली असती. समाजाने आपल्या मुलांची जबाबदारी घ्यावी, राज्याने पाठबळ द्यावे आणि एक पिढी शिकून वर यावी, हा हिशेब होता. महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या. जागा भरायला शिकलेली माणसे हवीत आणि माणसे शिकायला वसतिगृहे हवीत, असे हे एकाच धोरणाचे दोन भाग होते.

कोल्हापूरचा कित्ता इतरांनी गिरवला. नाशिकला १९१४ मध्ये उदाजी मराठा बोर्डिंग सुरू झाले. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. शाहूंच्या जातवार वसतिगृहांपुढचे हे पाऊल होते. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे झाले.

साताऱ्याच्या बोर्डिंगात पैसा नेहमीच तोकडा असे. गावोगाव घरातून रोज मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करून बोर्डिंगला द्यायचे, असा मुष्टिफंड चाले. तोही संपला की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपले दागिने मोडत. शेवटी मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिले. मुले शेतात राबत, दळण-कांडण करत, भांडी घासत, स्वयंपाक करत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा कमवा आणि शिका ही पद्धत कॉलेजच्या पातळीवर आली. पुढे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी ती उचलली आणि ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत काही तास काम करून मानधन घेण्याची सोय अनेक कॉलेजांत झाली. मदत घेणाऱ्याचा मान राखणारी योजना म्हणून तिचे महत्त्व रकमेपेक्षा जास्त आहे.

मुलींच्या शिक्षणासाठी वेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या, कारण वार लावून परगावी राहणे मुलींना अशक्य होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या आश्रमाने हिंगण्याला राहण्याजेवण्यासह शिक्षणाची सोय केली. भाऊबिजेच्या ओवाळणीचा एक वाटा या बहिणींसाठी द्यावा, असे आवाहन करत आश्रमाचे सेवक गावोगाव फिरत. चार-आठ आण्यांनी भरणारा हा भाऊबीज निधी कित्येक वर्षे संस्थेचा कणा राहिला. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाखांची देणगी दिली.

बडोद्याचा करार

मदतीचे निरनिराळे प्रकार एकाच आयुष्यात कसे एकत्र येतात, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणात दिसते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या शिफारशीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची, अशी अट होती.

१९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यात आले. जातीमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळेना आणि कचेरीत शिपाईदेखील दुरून फायली टाकत. नोकरी सोडून त्यांना मुंबईला यावे लागले. शिष्यवृत्तीने न्यूयॉर्कपर्यंत पोचवलेला माणूस बडोद्यात एका खोलीसाठी अडला. कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेला पण अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी त्यांनी सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून ५,००० रुपये उसने घेतले. राजाची शिष्यवृत्ती, स्वतःची बचत, दात्याची मदत आणि मित्राचे कर्ज अशा चारही मार्गांनी हे शिक्षण झाले.

हक्काची शिष्यवृत्ती

राजाची मर्जी आणि दात्याची दया यांवर एका पिढीचे शिक्षण सोडता येणार नाही, हे या अनुभवातून स्पष्ट झाले. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात अस्पृश्य आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे सुचवली. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि त्यांनी हा प्रश्न केंद्र सरकारपुढे नेला. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींना लागू झाली.

कॉलेजांच्या बोलीत हिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतात. तिचे दोन भाग आहेत. फी आणि परीक्षा शुल्क सरकार भरते, आणि विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता मिळतो. वसतिगृहात राहणाऱ्याला भत्ता जास्त, घरून येणाऱ्याला कमी. पहिल्या नंबराची अट नाही. प्रवेश मिळाला आणि उत्पन्न मर्यादेत असले की शिष्यवृत्ती मिळते. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीहून हिचा वेगळेपणा इथे आहे. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादला संस्थेचे दुसरे कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्यातल्या दलितांची पहिली पदवीधर पिढी भारत सरकार शिष्यवृत्ती आणि तिथले वसतिगृह यांच्या बळावर घडली.

दुसरीकडे जातीने मागास नसलेल्या पण गरीब असलेल्या मुलांचा प्रश्न होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांपर्यंत असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी देण्यात आली. ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत या नावाने ती घरोघरी पोचली. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला काढणे आणि कॉलेजच्या खिडकीवर ईबीसीचा फॉर्म भरणे हा जून-जुलैचा ठरलेला कार्यक्रम झाला. खेड्यापाड्यांतून निघालेली नवी कॉलेजे याच सवलतीमुळे भरली. शहरात राहण्याचा प्रश्न मात्र स्वयंसेवी संस्थांकडेच राहिला. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती हे त्याचे उत्तम उदाहरण. ग्रामीण मुलामुलींना तिच्या वसतिगृहांत अल्प खर्चात राहता येते, आणि वसतिगृहातली कामे मुलांनीच करायची असतात.

कर्ज आणि वाढती फी

परतफेडीच्या अटीवर मदत ही कल्पनाही नवी नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला, त्यातून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळे. परत आलेल्या रकमेतून पुढच्या विद्यार्थ्याला मदत व्हावी, हा हेतू होता. केंद्र सरकारनेही १९६३ मध्ये गरजू, हुशार विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. जागा वाढल्या, कर्नाटकात जाणारी मुले इथेच शिकू लागली, पण फी हा पहिल्यांदाच जेवण-राहण्याहून मोठा खर्च झाला. २००१ मध्ये भारतीय बँक संघाने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली. देशात शिकण्यासाठी साडेसात लाख आणि परदेशासाठी १५ लाखांपर्यंत कर्ज, ४ लाखांपर्यंत तारण नाही, आणि शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नाही, अशी तिची रचना होती. २००९ मध्ये साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना या काळातले व्याज माफ करणारी केंद्राची योजना आली.

राज्य सरकारनेही व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे मोर्चा वळवला. खुल्या गटातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून अर्धी शिक्षण फी मिळते. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी थेट रक्कम दिली जाते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार भरते. बहुतेक अर्ज आता राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात.

या सगळ्या काळात दाता, अट आणि रक्कम बदलली, गरज फारशी बदलली नाही. परगावी शिकणाऱ्या मुलाचा मेसचा आणि खोलीचा खर्च पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि शिष्यवृत्तीचा हप्ता बहुधा वर्ष सरताना येतो. मधल्या काळात तो उसनवारी करतो, कुठेतरी काम धरतो किंवा गावी परततो. म्हणून कोणत्याही नव्या योजनेची मंजूर रक्कम पाहण्याआधी ती सत्राच्या कोणत्या महिन्यात विद्यार्थ्याच्या हाती पडते, हे तपासावे.